कोलंबियाचे लोकसंगीत आणि जॅझ : नाशिकमध्ये मोठा वाद्यवृंद कसा उभारावा

कोलंबियाचे लोकसंगीत आणि जॅझ यांचा मेळ घालणारा सोळा-सतरा जणांचा वाद्यवृंद नाशिकमध्ये उभा राहू शकतो, कारण त्यासाठी लागणारे बहुतेक हात या शहरात आधीपासून आहेत. लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे कलाकार, ढोलपथकांत तयार झालेले तरुण, तबला आणि बासरी शिकणारे विद्यार्थी, ऑर्केस्ट्रात की-बोर्ड आणि बेस गिटार सांभाळणारे व्यावसायिक वादक, एवढे लोक एकत्र आले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम अवघड आहे आणि ते कोणत्या क्रमाने केले जाते यावर सारे अवलंबून असते. अशा प्रयोगात बहुतेक जण कॉर्डपासून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांपासून, सुरुवात करतात. कुंबियाची, म्हणजे कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या नाचाच्या संगीताची, एखादी चाल निवडतात, तिच्याखाली जॅझच्या कॉर्ड बसवतात, ट्रम्पेटसाठी चार जोरकस जागा लिहितात आणि शेवटी तालवादकांना 'काहीतरी लॅटिन वाजवा' असे सांगून मोकळे होतात. या मार्गाने कुंबियाही हाती लागत नाही आणि जॅझही. माझे ठाम मत आहे की काम नेमके उलट्या क्रमाने करावे: आधी तालवाद्ये, मग चाल, मग फुंकीची वाद्ये आणि सर्वांत शेवटी कॉर्ड.

पहिल्या वर्षी एकच किनारा

कोलंबियात प्रदेशागणिक संगीत बदलते. उत्तरेच्या कॅरिबियन किनाऱ्यावर कुंबिया, पोर्रो आणि बुयेरेंगे हे प्रकार नांदतात. पॅसिफिक किनाऱ्यावर चोन्ता या ताडाच्या लाकडी पट्ट्यांचा मारिंबा आणि त्यावरचा कुर्रुलाओ आहे. अँडीजच्या डोंगरांत बारा तारांच्या तिप्लेवर बांबुको आणि पासियो वाजतात. पूर्वेच्या मैदानांत हार्पच्या साथीने होरोपो रंगतो. प्रत्येकाची वाद्ये वेगळी आणि मोजणीही वेगळी. सगळ्यांतले थोडे थोडे घेऊन कार्यक्रम भरण्याचा मोह होतो, पण नव्या मेळाने पहिल्या वर्षी कॅरिबियन किनाऱ्याबाहेर पाऊल टाकू नये. या किनाऱ्यावरचे संगीत गावातल्या ढोलांपासून ब्रास बँडपर्यंत आणि तिथून शहरी नृत्यवृंदांपर्यंत स्वतःच चालत गेलेले असल्यामुळे, मोठ्या वाद्यवृंदासाठी ते कसे मांडावे याचे नमुने ऐकायला मिळतात.

सुरुवात सान हासिंतो या गावाच्या गायता परंपरेपासून करावी. गायता ही निवडुंगाच्या खोडाच्या गाभ्यापासून केलेली, उभी धरून वाजवण्याची लांब बासरी असते. तिच्या वरच्या टोकाला मधमाश्यांचे मेण आणि कोळशाची पूड मळून केलेले डोके बसवतात आणि त्यात बदकाच्या पिसाची पोकळ नळी खोचतात. फुंक त्या नळीतून जाते, म्हणून तिच्या सुरात श्वासाचा खरखरीतपणा नेहमी राहतो. गायता जोडीने वाजते. पाच छिद्रांची 'एम्ब्रा' मुख्य चाल वाजवते, तर दोन छिद्रांची 'माचो' तिला मोजक्या स्वरांचा आधार देते आणि माचो वाजवणाराच दुसऱ्या हाताने मोठा खुळखुळा, म्हणजे माराकोन, वाजवत असतो. सोबत तीन ढोल असतात: यामादोर, आलेग्रे आणि तांबोरा. एवढ्याच सामग्रीवर उभ्या असलेल्या 'लोस गायतेरोस दे सान हासिंतो' या समूहाला २००७ मध्ये लॅटिन ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यांची ध्वनिमुद्रणे सहज उपलब्ध आहेत.

त्यानंतर कोर्दोबा प्रांतातील सान पेलायो गावाचे पोर्रो ऐकावेत. तिथे क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम आणि मोठा बोंबो ढोल असलेले बँड पोर्रो वाजवतात आणि १९७७ पासून तिथे पोर्रोचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. आपल्याकडील बँडमास्टरला हे ऐकवले तर वाद्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि ही फार मोठी सोय आहे. पुढची पायरी लुचो बेरमुदेस (१९१२–१९९४) यांची. एल कार्मेन दे बोलिवार या गावात जन्मलेल्या या क्लॅरिनेटवादकाने पोर्रो आणि गायतेच्या चाली मोठ्या नृत्यवृंदासाठी लिहिल्या आणि किनाऱ्यावरचे संगीत राजधानी बोगोताच्या सभागृहांत नेले. पाचो गालान हे त्याच वाटेवरचे दुसरे मोठे नाव. जॅझच्या बाजूने पाहायचे तर बेसवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगस यांनी १९७७ मध्ये कुंबियावर आधारलेली जवळजवळ अठ्ठावीस मिनिटांची रचना ध्वनिमुद्रित केली. १९९० च्या दशकात सॅक्सोफोनवादक आंतोनिओ आर्नेदो यांनी कोलंबियाच्या लोकतालांवर छोट्या संचाचे जॅझ उभे केले. न्यूयॉर्कमध्ये पाब्लो मायोर यांचा 'फोल्कलोरे उर्बानो' आणि ग्रेगोरिओ उरीबे यांचा बिग बँड हे मोठ्या संचाचे अलीकडचे नमुने आहेत.

ऐकण्याची पद्धत मात्र ठरवून घ्यावी. एकच ध्वनिमुद्रण चार वेळा लावावे. पहिल्या वेळी फक्त यामादोरवर कान ठेवावा, दुसऱ्या वेळी माराकोनवर, मग तांबोरावर, आणि आलेग्रेकडे शेवटी वळावे. आलेग्रे इतका बोलका असतो की सुरुवातीलाच त्याच्या मागे कान गेला, तर बाकीचे तिघे ऐकूच येत नाहीत.

तिसरी आणि सातवी मात्रा

यामादोर हा तिघांतला सर्वांत लहान ढोल. तो बहुधा एकाच हाताने वाजतो आणि पूर्ण गाणेभर एकच ठोका देतो. आपल्या केरव्याच्या आठ मात्रा डोळ्यांसमोर आणाव्यात. पावले पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतात. यामादोर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर वाजतो, दुसरीकडे कुठेही नाही. कागदावर हे इतके सोपे दिसते की वादक त्याकडे दुर्लक्ष करतात, आणि मेळ बिघडतो तो नेमका इथेच. केरव्यावर वाढलेल्या हाताला समेवर 'धा' देण्याची सवय असते. सात-आठ आवर्तने झाली की तो हात यामादोरच्या ठोक्यालाच सम समजू लागतो, पाय नकळत त्या ठोक्याखाली सरकतो आणि सगळा ताल पालथा होतो. ऐकणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण कुंबिया गेलेली असते.

यावर उपाय वाद्याविना करावा. सगळ्यांनी, म्हणजे ट्रम्पेटवाल्यांनी आणि गायिकांनीसुद्धा, गोल उभे राहून डावा-उजवा पाय पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाकावा व टाळी तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर द्यावी. लय सुरुवातीला पावलांच्या हिशेबाने मिनिटाला ७० ठेवावी. पावले स्थिर झाल्यावर त्याच टाळीवर चालीची पहिली ओळ 'ला ला' करून म्हणावी. ओळ म्हणताना टाळी पावलाकडे घसरू लागली की थांबावे आणि पुन्हा नुसत्या पावलांपासून सुरू करावे. हा व्यायाम प्रत्येक तालमीच्या आरंभी दहा मिनिटे केला पाहिजे, आणि तीन महिन्यांनंतरही तो सोडू नये. लय वाढवत नेऊन पावलांचे मिनिटाला ९० ठोके सहज पेलले, म्हणजे पारंपरिक कुंबियाच्या जवळ आलो असे समजावे.

टाळी पक्की झाली की माराकोन जोडावा. त्याचा साचा पहिल्या मात्रेवर लांब, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आखूड, पुन्हा पाचव्यावर लांब, सातव्या आणि आठव्यावर आखूड असा शिकवता येतो; तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला किंचित वजन द्यावे. तांबोरावादकाने दोन काठ्यांपैकी बहुतेक काम लाकडी खोडावर चालू ठेवून कातड्यावर मोजके, जड ठोके द्यावेत. आलेग्रे सर्वांत शेवटी. तो उस्फूर्त बोलतो, चालीला उत्तर देतो, नाचणाऱ्याला चिथावतो; त्यासाठी तबल्याची उत्तम तयारी असलेला वादक निवडावा, पण त्याला तिहाई घेऊन समेवर येण्याची मुभा सुरुवातीला देऊ नये. तिहाई ऐकायला सुरेख लागते, मात्र ती सगळे लक्ष समेकडे ओढते आणि यामादोरने धरलेला ताण क्षणात विरतो.

वाद्ये कुठून आणावीत

मूळ ढोल परदेशातून मागवण्याचा खर्च पहिल्या वर्षी करण्याचे कारण नाही. आलेग्रे हा निमुळता, एका बाजूने कातडे असलेला, हाताने वाजवायचा ढोल असल्यामुळे ऑर्केस्ट्रातला मध्यम कोंगो त्याची जागा घेऊ शकतो, आणि सर्वांत लहान कोंगो यामादोर म्हणून चालतो. कोंगो स्टँडवर उभा न ठेवता वादकाने बसून तो मांड्यांमध्ये तिरका धरावा, कारण आलेग्रेचा खर्जाचा ठोका देताना ढोल जमिनीपासून किंचित उचलावा लागतो, म्हणजे खालच्या तोंडातून आवाज बाहेर पडतो. ज्यांना मूळ बांधणीच्या जवळ जायचे असेल त्यांनी ढोलकी-तबला तयार करणाऱ्या कारागिराशी बोलावे. आलेग्रेचे कातडे दोरीने एका कड्याला ओढलेले असते आणि खोडाभोवती लाकडी पाचरी ठोकून ते ताणले जाते. तबल्याचे गठ्ठे ठोकून सूर चढवणाऱ्या कारागिराला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

तांबोरा मात्र लाकडी खोडाचाच हवा. दोन्ही बाजूंनी शेळीचे कातडे मढवलेला, ढोलकीपेक्षा बराच मोठा लाकडी ढोल आडवा स्टँडवर ठेवून दोन काठ्यांनी वाजवावा. पत्र्याच्या किंवा फायबरच्या खोडावर काठी मारली की येणारा आवाज माराकोनला झाकून टाकतो.

इथे नाशिक ढोलाचा प्रश्न हमखास येतो. आपल्या शहराचे नाव ज्या वाद्याला मिळाले ते वाद्य या मेळात असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि मला ती मनापासून पटते. तरीही बंद सभागृहात नाशिक ढोल पहिल्या वर्षी आणू नये. तो मोकळ्या रस्त्यावर, मिरवणुकीत, लांबपर्यंत पोहोचण्यासाठी घडलेला आहे. त्याचे सगळे बळ ठोक्यावर आहे आणि यामादोरचे बळ ठोक्यांच्या मधल्या जागेत आहे. दोन्ही एकत्र वाजवायचे असतील तर मेळाचा कान तयार झाल्यावर, उघड्या पटांगणातल्या कार्यक्रमात, एखाद्या रचनेच्या शेवटच्या भागात चार ढोल आणावेत आणि त्यांच्यासाठी तांबोराच्या जड ठोक्यांचाच साचा लिहावा. ढोलपथकातले वादक मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावेत. तांबोराला लागणारा मनगटाचा दम त्यांच्याकडे असतो.

माराकोनसाठी मोठा सुका भोपळा आणि त्यात कठीण बिया पुरतात. गायतेच्या जागी बासरी घ्यावी असे पटकन वाटते, पण बासरीचा गोड, गोलसर सूर गायतेपासून दूर आहे. दोन क्लॅरिनेट एकसुरात आणि त्यांच्या वरच्या सप्तकात एक बासरी, तीही थोडी जास्त हवा सोडून वाजवलेली, असा संयोग मला अधिक जवळचा वाटतो.

बँडमधले वादक आणि सुरांची पट्टी

संचाची रचना साधारण अशी ठेवावी: दोन ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, एक आल्टो आणि एक टेनर सॅक्सोफोन, दोन युफोनियम किंवा मिळाल्यास ट्रॉम्बोन, एक बासरी, की-बोर्ड, बेस, तीन लोकढोल, माराकोन आणि दोन गायिका. ड्रमसेट मी मुद्दाम वगळला आहे. तो घ्यायचाच असेल तर वादकाने जॅझमध्ये राइड झांजेवर चालणारा झोकदार साचा सोडावा, कारण तो माराकोनच्या जागेवरच येऊन बसतो. तांबोरा थांबेल तिथेच ड्रमसेटने आत यावे.

बँडमधले अनेक कलाकार कानाने वाजवतात आणि स्टाफ नोटेशन वाचत नाहीत. त्यांना नोटेशन येत नाही म्हणून बाजूला ठेवणे हा अन्याय तर आहेच, शिवाय मेळाचेही त्यात नुकसान आहे, कारण पोर्रो ज्या दमसासाने आणि जोमाने वाजायला हवा तो मिरवणुकीत तासन् तास वाजवलेल्या ओठांकडेच असतो. त्यांच्यासाठी प्रत्येक भाग सरगममध्ये लिहून द्यावा आणि त्याच भागाचे फोनवर ध्वनिमुद्रण करून पाठवावे. इथे पट्टीचा घोळ आधीच मिटवावा लागतो. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर किंवा ट्रम्पेटवर 'सी' धरला की कानावर पडतो तो काळी पाचचा सूर. आल्टो सॅक्सोफोनवर तोच 'सी' काळी दोनचा सूर देतो. पहिली रचना जी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी पाचला षड्ज धरून करावी. त्यात क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन यांनी आपला 'ए' हा षड्ज मानायचा, आल्टोने 'ई', आणि की-बोर्ड, बेस व बासरी यांनी 'जी'. बोटांना ही पट्टी सोपी जाते आणि फुंकीच्या वाद्यांना ती खुलवते.

रचना कशी बांधावी

एक पारंपरिक गायता-चाल निवडावी, आठ किंवा सोळा आवर्तनांची. ती आधी फक्त चार तालवाद्ये आणि दोन क्लॅरिनेट यांच्यावर पूर्ण वाजवून पाहावी. एवढ्यावर ती उभी राहत नसेल तर तालीम कमी आहे. आणखी वाद्ये चढवून उणीव झाकू नये.

चाल उभी राहिली की माचोचे काम युफोनियमला द्यावे. माचो गायता चाल वाजवत नाही. एम्ब्रा श्वास घेते त्या फटीत एखाद-दुसरा स्वर टाकते आणि तोही तालाला धरून. युफोनियमवादकाला षड्ज आणि पंचम असे दोनच स्वर द्यावेत आणि ते कुठे टाकायचे हे चाल ऐकून त्याने स्वतः ठरवावे. मोठ्या संचात लोकसंगीताचा पोत टिकवण्याचा इतका सोपा आणि परिणामकारक उपाय मला दुसरा माहीत नाही. त्याच्याखाली बेसने पहिल्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर वाजवावे, पहिला स्वर लांब आणि पुढचे दोन आखूड. जॅझचा चालता बेस, ज्यात प्रत्येक ठोक्यावर नवा स्वर येतो, तो मधल्या एकल वादनासाठी राखून ठेवावा, आणि तिथेही फार वेळ नको.

की-बोर्डवादक बहुधा साल्साचा तुटक, उड्या मारणारा साचा वाजवू लागतो, कारण 'लॅटिन' म्हणून त्याने तोच शिकलेला असतो. तो साचा क्यूबाचा आहे आणि क्लावे या ठरावीक ठोक्यांच्या क्यूबन चौकटीवर उभा आहे. कुंबिया त्या चौकटीवर चालत नाही. पहिल्या आवर्तनांत की-बोर्ड गप्पच ठेवावा. त्यानंतर कॉर्ड आणाव्यात त्या थरांनी. पहिल्यांदा चाल नुसत्या षड्ज-पंचमावर जाऊ द्यावी, जशी तानपुऱ्यावर जाईल. दुसऱ्यांदा सॅक्सोफोन आणि युफोनियम मिळून सा, म, कोमल नी आणि वरचा कोमल ग असे चौथ्याच्या अंतराने रचलेले चार स्वर लांब धरून ठेवावेत. या रचनेत जॅझचा रंग येतो, तरी ती नेहमीच्या मायनर कॉर्डइतकी बांधून टाकत नाही, त्यामुळे गायतेच्या चालीला मोकळीक राहते. तिसऱ्यांदा बेसने खाली 'जी' तसाच ठेवावा आणि वर जी मायनर, ए फ्लॅट मेजर, एफ मेजर अशा कॉर्ड फिरवाव्यात. खालचा स्वर हलत नसल्यामुळे ढोलांची जमीन सुटत नाही आणि वरचा रंग बदलत राहतो. ब्रासचे आखूड ठोके तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर लिहू नयेत. तिथे यामादोर आहे. पहिल्या मात्रेवर एक छोटा ठोका आणि मग दीड आवर्तन शांतता, ही जागा अनेकदा सर्वांत जोरकस ठरते.

स्विंगचा झोका कुंबियात शिरू देऊ नये. जॅझ ऐकून आलेला सॅक्सोफोनवादक लांब-आखूड, लांब-आखूड असे स्वर लोळवू लागतो आणि माराकोनशी त्याची सतत टक्कर होते. स्वर सरळ, समान वाजवावेत. जॅझ येऊ द्यावे ते स्वरनिवडीतून, कॉर्डच्या रंगातून आणि उस्फूर्ततेतून.

एकल वादनाची चौकट पोर्रोकडून घ्यावी. सान पेलायोच्या 'पालितियाओ' प्रकारच्या पोर्रोत एका भागात ट्रम्पेट आणि बाकीची वाद्ये यांच्यात सवाल-जबाब चालतो, आणि मग 'बोसा' नावाचा भाग येतो: बोंबोचे कातडे थांबते, काठीचे कोरडे ठोके उरतात आणि क्लॅरिनेट पुढे येतात. खालचे जड ठोके अचानक नाहीसे झाल्यावर क्लॅरिनेटची रेघ जशी उठून दिसते, तशी ती कितीही ध्वनिवर्धक लावून उठणार नाही. आपल्या रचनेत जॅझचे एकल वादन नेमके इथे ठेवावे. वादकाला किती आवर्तने मिळतील हे आधी न ठरवता, त्याने मान हलवली की आलेग्रेने इशारा द्यावा आणि तांबोरासह सगळा संच परत यावा. हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या वादकांना विस्ताराची सवय असते. त्यांना इतकेच सांगावे की इथे आलेग्रेला उत्तर द्यायचे आहे, त्यामुळे एक वाक्य वाजवून थांबावे आणि ढोल काय म्हणतो ते ऐकून पुढचे वाक्य घ्यावे.

गायन

बुयेरेंगेमध्ये एक स्त्री ओळ उचलते आणि बाकीच्या ठरलेल्या ओळीने तिला उत्तर देतात. गोंधळात आणि भारुडात झील धरणाऱ्यांचे काम आपण ऐकत आलो आहोत, त्यामुळे हा ढाचा मराठी गायिकांना लगेच साधतो. तोतो ला मोम्पोसिना यांचे गायन या संदर्भात अवश्य ऐकावे. १९८२ मध्ये कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी स्टॉकहोमला गेले तेव्हा सोबतच्या कलावंतांत त्या होत्या, आणि १९९३ चा त्यांचा संग्रह ढोल आणि आवाज यांचे नाते समजून घेण्यासाठी उत्तम आहे. शब्दांच्या बाबतीत स्पॅनिश ओळी अर्धवट उच्चारांत म्हणण्यापेक्षा जात्यावरच्या पारंपरिक ओव्या घेऊन पाहाव्यात. ओवीची ओळ पहिल्या मात्रेवर न उचलता चौथ्या मात्रेपासून उचलली, तर ती यामादोरच्या ठोक्यावर टेकून पुढे जाते आणि शब्द ओढाताणीविना बसतात. झील मात्र छोटी, चार-पाच अक्षरांची ठेवावी आणि ती सगळ्या संचाने म्हणावी.

हंगाम, जागा आणि मोबदला

नाशिकमध्ये या मेळाचे वेळापत्रक पंचांग पाहूनच आखावे लागते. तुळशीचे लग्न झाले की बँडवाले लग्नसराईत अडकतात. श्रावणात ढोलपथकांचा सराव संध्याकाळ व्यापतो. नवरात्रात ऑर्केस्ट्राचे वादक सापडत नाहीत. म्हणून आषाढात सुरुवात करावी. पहिला महिना तालवाद्ये, गायिका आणि पावलांचा व्यायाम एवढ्यावरच घालवावा. श्रावणात फुंकीच्या वाद्यांच्या वेगळ्या तालमी घ्याव्यात, गणपती ते कोजागरी सुट्टी द्यावी आणि त्यानंतर सगळ्यांना एकत्र बसवावे. कार्यक्रमासाठी पौष महिना सर्वांत सोयीचा, कारण पौषात लग्ने सहसा होत नाहीत आणि बँडचे कलाकार मोकळे असतात.

चातुर्मासात मंगल कार्यालयांचे हॉल रिकामे असतात आणि बोलणी केल्यास ते तालमीसाठी कमी दरात मिळू शकतात. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली शेड आवाजाच्या तक्रारीच्या दृष्टीने सुरक्षित असते, पण पत्र्याखाली यामादोरचा ठोका घुमून परत येतो आणि नवख्या मेळाचा ताल हमखास बिघडतो. जमिनीवर सतरंज्या आणि भिंतींना जाड पडदे लावल्याखेरीज तिथे बसू नये. पावसाळ्यात कातडी ढिली पडतात. तालमीआधी अर्धा तास ढोल पिवळ्या बल्बच्या उबेत ठेवावेत. थेट शेगडीजवळ नेऊ नयेत.

बँडच्या कलाकाराला तालमीचे पैसे मिळाले पाहिजेत. त्याचा दिवस रोजावर चालतो आणि हौशी मंडळींच्या उत्साहाखातर त्याने तो बुडवावा अशी अपेक्षा ठेवणे गैर आहे. निधी कमी असेल तर तालमी कमी कराव्यात किंवा संच बारा जणांचा करावा.

रंगमंचावर

महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या बंद सभागृहात ढोल मागे ठेवण्याची प्रथा मोडावी. यामादोर मध्यभागी, त्याला लागून बेस, दोन्ही बाजूंना आलेग्रे आणि तांबोरा, आणि त्यांच्याभोवती अर्धवर्तुळात फुंकीची वाद्ये, अशी बैठक असली की प्रत्येकाला तिसरी आणि सातवी मात्रा थेट कानाने मिळते. ध्वनिव्यवस्थापकाला सांगून यामादोर सर्वांच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, द्यावा. ट्रम्पेटना सभागृहात माइकची गरज क्वचितच पडते. गोदाघाटावरील यशवंतराव महाराज पटांगणासारखी उघडी जागा घेतल्यास पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी आधी काढावी आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याच्या हिशेबाने कार्यक्रम लावावा. पौषातल्या संध्याकाळी थंडीने फुंकीची वाद्ये सुरात उतरतात, म्हणून रचनांच्या मध्ये थांबलेल्या वादकांनी वाद्यातून अधूनमधून नुसती उबदार हवा फुंकत राहावे.

हक्कांची बाबही वेळेत पाहावी. पारंपरिक गायता-चाली वापरताना गावाचे आणि परंपरेचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापावे, आणि चाल खरोखर पारंपरिक आहे की कोणा ज्ञात संगीतकाराची, हे तपासावे. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या अनेक लोकप्रिय कुंबियांना नावानिशी रचनाकार आहेत. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क कायम राहतात, त्यामुळे लुचो बेरमुदेस यांच्या रचना २०५४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. जाहीर कार्यक्रमात त्या वाजवायच्या असल्यास रीतसर परवाना घ्यावा.

दुसऱ्या वर्षी पॅसिफिक किनाऱ्याकडे वळता येईल. कुर्रुलाओची मोजणी सहाची आहे, पण दादऱ्याचे तीन-तीन आणि दुसरीकडे दोन-दोन-दोन अशा दोन्ही विभागण्या त्यात एकाच वेळी चालू राहतात. बोंबो, हाताने वाजवायचा कुनुनो ढोल आणि बांबूच्या नळीत बिया भरलेला ग्वासा हे सगळे मिळून ती वीण विणतात. चोन्ता मारिंबासाठी दोन वादक तयार करावे लागतील, एक खर्जाच्या बाजूला आणि एक वरच्या. पारंपरिक बांधणीच्या मारिंबाचे सप्तक पियानोच्या सप्तकाशी जुळत नाही, म्हणून असे वाद्य मिळाले तर त्या रचनेपुरता की-बोर्ड बाजूला ठेवावा आणि फुंकीच्या वाद्यांनी आपले सूर ओठांनी मारिंबाकडे नेऊन जुळवून घ्यावेत.